बिनकल्हईचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे पातेले आहे. तुमच्या घरात असते तसले नव्हे. माझे तोंड परातीसारखे रुंद आहे, बूड जाड आहे आणि दोन्ही बाजूंना पितळी कान आहेत. सध्या माझा मुक्काम इटलीच्या किनाऱ्यावरच्या बोर्दिगेरा गावाच्या वाचनालयात, काचेच्या कपाटात आहे. शाळेची मुले येतात, काचेला नाक लावतात आणि पुढे जातात. त्यांच्याबरोबर एखादी म्हातारी असली तर ती मात्र थांबते आणि म्हणते, "अगं बाई, याला आतून कल्हईच नाही!" म्हातारीला भांड्यातले कळते. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी माझी हकीकत सांगते. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म १९२२ च्या जानेवारीत बाचीचा नावाच्या तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला चार दिवस ठोकले. पाचव्या दिवशी तो कल्हईसाठी भट्टी पेटवत होता, तेवढ्यात दुकानात एक उंच, किडकिडीत इंग्रज बाई आली. तिने काळा कोट घातला होता आणि तिला खोकला होता. ती म्हणाली, "थांबा. कल्हई नको."

"बाई, कल्हई नाही तर आंबट कळकतं," बाचीचा म्हणाला. "माणसं मरतात."

"साखर असली की कळकत नाही. माझी आई चाळीस वर्षं असल्याच पातेल्यात मुरांबा करत होती. ती छातीच्या दुखण्यानं गेली, तांब्यानं नाही."

"गेली म्हणजे गेलीच ना," बाचीचा पुटपुटला. पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून त्याने भट्टी विझवली. त्या बाई म्हणजे मिस हेस्टर. आईच्या आणि स्वतःच्या छातीसाठी त्या या उबदार किनाऱ्यावर राहायला आल्या होत्या. आईला इथल्या इंग्रज दफनभूमीत ठेवून त्या इथेच राहिल्या. लग्न केले नव्हते. मायदेशी एक बहीण होती आणि भाची होती.

आमच्या गावात रस्त्याच्या कडेला कडू संत्र्यांची झाडे आहेत. जानेवारीत ती लगडतात आणि कुणी त्यांना हात लावत नाही. पोरे ती एकमेकांना फेकून मारतात, तेवढाच त्यांचा उपयोग. इंग्रज बायकांना मात्र ती पाहून भरून येई. त्या काळी इथे इंग्रजांची मोठी वस्ती होती. त्यांचे देऊळ, त्यांचे वाचनालय, त्यांची चहाची दुकाने. दर जानेवारीत मिस हेस्टरच्या स्वयंपाकघरात तिघीजणी जमत: स्वतः मिस हेस्टर, कर्नलसाहेबांच्या विधवा थ्रेलबाई आणि फुलांची चित्रे काढणाऱ्या मिस डॉकर. तीन दिवस नुसता संत्र्यांचा वास. पहिल्या दिवशी साली चिरायच्या, बिया फडक्यात बांधायच्या, सगळे पाण्यात भिजत टाकायचे. दुसऱ्या दिवशी उकडायचे. तिसऱ्या दिवशी साखर घालून मला मोठ्या आचेवर चढवायचे. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला आणि त्याला सुरकुती पडली, की मुरांबा झाला. साली जाड चिराव्यात की बारीक, यावरून थ्रेलबाई आणि मिस डॉकर यांचे दरवर्षी वाजे.

"ह्या साली म्हणायच्या की बुटाचे तळवे?" मिस डॉकर विचारत.

"ज्यांना दात आहेत त्यांच्यासाठी आहेत," थ्रेलबाई म्हणत.

या तिघींना कोळसा, पाणी आणि चाकू हातात देणारी चौथी बाई म्हणजे एर्सिलिया, मिस हेस्टरची स्वयंपाकीण. ती वरच्या जुन्या गावात राहायची. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात गेला होता. ती रोज सकाळी सहाला यायची आणि अंधार पडता पडता जायची. पहिल्या वर्षी मिस हेस्टरनी तिला चमचाभर मुरांबा दिला, तेव्हा तिने तो मोरीत थुंकला.

"बाई, यात कडू राहिलंय."

"राहिलेलं नाही," मिस हेस्टर म्हणाल्या. "ठेवलंय."

एर्सिलियाला ते काही पटले नाही. पण तिसऱ्या वर्षी मी पाहिले, घासायला नेण्याआधी ती पावाच्या कडेने माझे बूड पुसून खात होती. त्यानंतर ते कधी चुकले नाही. कडू चव अशीच असते. आधी तोंड वाकडे होते आणि मग तीच हवीशी वाटते. मिस हेस्टर तिलाही दरवर्षी एक बरणी देत. ईस्टरच्या आत ती बरणी धुऊन, पुसून, रिकामी परत येई.

बाकीच्या बरण्या गावात जात. डॉक्टर रेबाउदो, पाद्रीबाबा, स्टेशनमास्तर बालेस्त्रा, फौजदार, बेकरीवाले, पोस्टवाले, सगळ्यांना. प्रत्येक बरणीवर मिस हेस्टरच्या तिरप्या अक्षरात नाव आणि साल. उत्तरादाखल डॉक्टर पत्र लिहीत, पाद्रीबाबा आशीर्वाद देत आणि फौजदार टाच जुळवून सलाम करीत. बरणी मात्र एकाही घरून परत आली नाही. त्यावरून मिस हेस्टरनी अनुमान काढले होते की बरण्यासुद्धा लोक जपून ठेवतात.

खरे काय ते मला मागच्या दाराशी कळले. डॉक्टरांकडची कामवाली एकदा भाजी घेऊन आली होती. ती एर्सिलियाला म्हणाली, "आमच्या कपाटाला आता जागा नाही गं. अकरा बरण्या झाल्या. उंदीरसुद्धा तोंड लावत नाही."

"मग सांगा की बाईंना तोंडावर."

"वेडी का खुळी तू? इतक्या मायेनं देतात. आमचे डॉक्टर म्हणतात, विष असतं तरी मी आभाराचं पत्र लिहिलं असतं."

दोघी एप्रन तोंडाला लावून हसल्या. मीही हसले असते, पण भांड्याला हसता येत नाही. शिवाय मला राग आला होता. माझ्यात शिजलेले अन्न कुणी खात नाही, हे कुठल्या पातेल्याला आवडेल? एर्सिलियाने मात्र ते मनात ठेवले. खाल्ल्या मिठाला जागणारी बाई होती ती.

दिवस बदलले ते पस्तीस सालापासून. आमच्या सरकारने आफ्रिकेत लढाई काढली. इंग्रजांनी त्यावरून व्यापार तोडला. बायकांनी लग्नाच्या अंगठ्या देशासाठी दिल्या. एर्सिलियानेही तिची एकुलती एक अंगठी दिली आणि दिवसभर रडली. चहाच्या दुकानाची काच फुटली. मिस हेस्टरच्या फाटकावर कुणीतरी खडूने वाईटसाईट लिहिले. मिस हेस्टरनी स्वतः बादली घेऊन ते पुसले आणि आत येऊन म्हणाल्या, "रागावलेत बिचारे. यंदा मुरांब्याचे दोन घाणे करू."

तसे केलेही. फाटकावर कोणी लिहिले ते सगळ्या गल्लीला ठाऊक होते. त्या घरीसुद्धा बरणी गेली.

एकोणचाळीसच्या सप्टेंबरात तिकडे उत्तरेला युद्ध सुरू झाले. इंग्रज घरे एकामागून एक बंद होऊ लागली. मिस डॉकर रंगांची पेटी घेऊन गेल्या. चाळीसच्या जानेवारीत साली चिरायला फक्त मिस हेस्टर आणि थ्रेलबाई होत्या, आणि साल जाड की बारीक यावर भांडायला कुणी उरले नव्हते म्हणून थ्रेलबाई गप्प होत्या. साखर मिळेना. एर्सिलियाने कुठून कुठून ती आणली. त्यातच सरकारचा हुकूम आला होता की तोफगोळ्यांसाठी तांबे हवे, घरातली तांब्याची भांडी कळवावीत. एर्सिलिया घाबरली.

"बाई, याचं काय करायचं?"

"ते स्वयंपाकाच्या भांड्यांबद्दल आहे. हे मुरांब्याचं आहे," मिस हेस्टर म्हणाल्या आणि तो कागद घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला. अशा होत्या त्या.

मे महिन्यात त्यांच्या वकिलातीचे पत्र आले: लवकरात लवकर देश सोडा. मिस हेस्टरनी चांगल्या कागदावर आभाराचे उत्तर लिहिले. सल्ला मोलाचा आहे, पण मला इथे सगळे ओळखतात. थ्रेलबाईंचेही तेच. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या आणि म्हणत, "मला उचलायला दोन माणसं लागतात. तेवढी त्यांच्या सैन्यात नसावीत."

मग एका शनिवारी दुपारी मागचे दार वाजले. बाहेर फौजदार. इंग्रजांच्या घरी पुढच्या दाराने जाताना कुणी पाहू नये म्हणून ते मागून आले होते. जाडजूड, भला माणूस. टोपी काढून ते स्वयंपाकघरातच टेबलाशी बसले. मी समोरच्या खुंटीवर होते.

"बाई, हवा बदलणार म्हणतात," ते म्हणाले.

"जूनमध्ये बदलतेच," मिस हेस्टर म्हणाल्या.

"तसं नव्हे. तुम्हाला तिकडे बहीण आहे ना? भाचीपण. आठवण येत असेल."

"येते की. पत्र लिहिते मी. थांबा, असे कोरडे जाऊ नका."

आणि त्यांनी पाव भाजला, त्यावर लोणी लावले आणि वर चांगला बोटभर मुरांबा. फौजदारांनी एर्सिलियाकडे पाहिले. एर्सिलियाने छताकडे पाहिले. फौजदारांनी घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"अप्रतिम," ते म्हणाले.

"मला माहीत होतं! आणखी एक घ्या."

त्यांनी आणखी एक घेतला. काय करणार? दुसऱ्याच्या घरी बसून त्याचे अन्न नाकारायचे नसते, हे त्यांना आईने शिकवले होते. आणि ज्याचे अन्न खातोय त्याला लगेच घराबाहेर जा कसे म्हणायचे, हे काही तिने शिकवले नव्हते. दाराबाहेर त्यांनी एर्सिलियाचा हात धरला. दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले.

"मला जमलं नाही गं. यादी आलीय. आपण लढाईत उतरलो की इंग्रजांना उचलून आत डोंगरातल्या गावांत ठेवणार आहेत. पहिलं नाव तुझ्या बाईंचं. बुधवारी फ्रान्सकडे गाडी आहे. त्यानंतर मी शब्द देत नाही."

"मग सांगायचं ना तोंडानं! फौजदार ना तुम्ही?"

"फौजदार आहे म्हणून तर सांगता येत नाही. आणि तोंडात तो मुरांबा होता."

एर्सिलिया आत आली ती पांढरीफटक पडलेली. तिने मिस हेस्टरच्या छातीची दोन मोठी दुखणी काढली होती. रात्रंदिवस उशाशी बसून. डोंगरातली ओल, दगडी खोली, शेकोटी नाही. ही छाती असल्या जागी एक हिवाळा काढणार नाही, हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होते. तिने बाह्या वर सारल्या आणि ती सरळ बोलली. "बाई, यादी आहे. तुम्ही बुधवारी जा. मी पाया पडते."

मिस हेस्टरनी तिला खुर्चीवर बसवले. "एर्सिलिया, सरकारं भांडतात. माणसं नाही भांडत. डॉक्टर आहेत, पाद्रीबाबा आहेत. कुणी मला हात लावू देतील का? अगं, आत्ता तुझ्यासमोर फौजदारानं दोन तुकडे खाल्ले."

"बाई, ते..."

"दोन," मिस हेस्टर म्हणाल्या आणि बरणीचे झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस हेस्टर थ्रेलबाईंना घेऊन त्यांच्या देवळात गेल्या. एर्सिलिया तिच्या देवळातून परस्पर निघाली ती दोन टोपल्या घेऊन. ती कुठे कुठे गेली ते मी तिच्याच तोंडून नंतर ऐकले. डॉक्टरांकडच्या कामवालीने काही न विचारता कपाट उघडले. फौजदारांच्या चौकीत तर बरण्या वारसाहक्काने चालत आल्या होत्या. बदली झालेला प्रत्येक फौजदार आपल्या बरण्या मागच्याच्या बरण्यांजवळ ठेवून गेला होता. पाद्रीबाबांनी जरा घोळ घातला.

"एर्सिलिया, हे बरं नाही. त्यांचं मन मोडेल."

"मोडायलाच चाललेय, बाबा. द्या."

तिने तीन खेपा केल्या. टेबल भरले, मग खिडकीची कड भरली, मग तिने बरण्या जमिनीवर मांडल्या. बरण्यांवर धूळ नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. कुणीतरी त्या दरवर्षी पुसत होते. पण एकीच्याही झाकणावरची दोरी सुटलेली नव्हती.

मिस हेस्टर हातमोजे काढत आत आल्या आणि थबकल्या.

"हे काय?"

"तुमचा मुरांबा, बाई. गावातून परत आणलाय."

"का? यंदाचा जास्त हवा होता का कुणाला?"

मित्रांनो, मला तापवतात तेव्हा मी सोसते. पण हे वाक्य मला सोसवले नाही. एर्सिलियाने टेबलाची कड धरली.

"नको होता, बाई. कुणालाच, कधीच नको होता. अठरा वर्षं कुणी चाखला नाही."

"डॉक्टरांनी दरवर्षी पत्र लिहिलं."

"पत्र लिहायला चाखावं लागत नाही."

"फौजदारानं काल..."

"घरी जाऊन ओकला तो. त्याच्या बायकोनं सांगितलं."

मिस हेस्टरनी एक बरणी उचलली. चोवीस साल. दुसरी उचलली. एकतीस. आतले सोने काळे पडले होते. त्या एकेक नाव वाचत होत्या, मोठ्याने, हजेरी घेतल्यासारख्या. एर्सिलिया बोलत राहिली. थांबली असती तर तिला पुन्हा सुरू करता आले नसते.

"तुम्ही म्हणता ही माझी माणसं. ही माणसं तुम्हाला वाईट म्हणत नाहीत, बाई. पण तुमच्यासाठी कुणी जिवावर उदार होणार नाही. गाडी दारात आली की सगळे पडदे ओढून घेतील. अठरा वर्षांत एकाला तोंडानं 'नको' म्हणता आलं नाही. ते सरकारला 'नको' म्हणणार आहेत का?"

मग मिस हेस्टरनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर एक लहानशी आशा होती आणि ती मला अजून दिसते.

"आणि तू? तुझी बरणी तर दरवर्षी रिकामी यायची."

एर्सिलियाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ती खरे सांगणार. सांगणार की बाई, मी खात होते, रोज सकाळी निघण्याआधी खात होते. पण खरे सांगितले असते तर मिस हेस्टरनी कोट काढून ठेवला असता, चहा टाकला असता आणि म्हटले असते, एक माणूस पुरते. मग त्यांना कुणी हलवू शकले नसते.

"कोंबड्यांना घालत होते, बाई," एर्सिलिया म्हणाली.

"कोंबड्यांना."

"हो. थंडीत त्यांना गोड लागतं."

मिस हेस्टरनी काढलेले हातमोजे पुन्हा चढवले. एकेक बोट नीट. मग विचारले, "बुधवारची गाडी किती वाजता आहे?"

पुढचे तीन दिवस त्या एर्सिलियाशी कामापुरते बोलल्या. रागावून नव्हे, त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या फार सभ्य झाल्या होत्या, पाहुण्यांशी असतात तशा. दोन बॅगा भरल्या. आईच्या कबरीवर फुले ठेवून आल्या. थ्रेलबाईंना त्यांनी परोपरीने समजावले, पण थ्रेलबाई म्हणाल्या, "मुरांबा आवडत नाही म्हणून कुणी देश सोडतं का?" आणि त्या राहिल्या. बुधवारी सकाळी निघताना मिस हेस्टर माझ्यासमोर थांबल्या.

"हे तू घेऊन जा," त्या एर्सिलियाला म्हणाल्या. "कल्हई करून घे. घेवड्याचं सूप करायला होईल."

एवढेच. एर्सिलिया बॅगा घेऊन स्टेशनपर्यंत गेली. परत आली ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून ओरडून रडली. तिला इतके रडताना मी कधीच पाहिले नव्हते.

पाचच दिवसांनी चौकातल्या भोंग्यावरून आमचाही देश युद्धात उतरल्याचे सांगितले. त्याच आठवड्यात एक लॉरी आली. थ्रेलबाईंना उचलायला खरोखरच दोन माणसे लागली आणि ती होती. गल्लीतले पडदे ओढलेले होते. फौजदार लॉरीशेजारी टोपी हातात घेऊन उभे होते, असे म्हणतात. थ्रेलबाईंनी डोंगरात एक हिवाळा काढला, दुसरा काढला नाही. मिस हेस्टर फ्रान्समधून कोळशाच्या बोटीने घरी पोचल्या. भाचीच्या घरी त्यांना शेकोटीजवळची खोली मिळाली. त्या आणखी तीन हिवाळे जगल्या. हे सगळे युद्ध संपल्यावर भाचीच्या पत्रातून कळले. त्या पत्रात लिहिले होते की मावशी इटलीबद्दल फारसे बोलत नसत.

आता माझे सांगते. रिकाम्या इंग्रज घरांतून तांबे गोळा करणारे फिरू लागले, तेव्हा एर्सिलियाने मला धुण्याच्या गाठोड्यात गुंडाळले आणि भर दुपारी, गाव झोपलेले असताना, डोक्यावर घेऊन निघाली. मी अठरा वर्षांत त्या स्वयंपाकघराबाहेर गेले नव्हते. आम्ही पायऱ्या चढलो. मग कमानीखालून गेलो. मग जिना लागला. एक मजला, दुसरा, तिसरा. जिना इतका अरुंद की माझे कान दोन्ही भिंतींना घासले. तिने दार उघडले आणि मला पलंगावर ठेवले.

एकच खोली होती. पलंग, शेगडी, खुर्ची, भिंतीवर मरियमेचे चित्र आणि नवऱ्याचा फोटो. खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर दुसऱ्या घराची भिंत. खाली अंगण नाही, वर गच्ची नाही. मी कान देऊन ऐकले. कोंबड्या नव्हत्या. कोंबड्या ठेवायला तिथे जागाच नव्हती. त्या घरात चिमणीसुद्धा उतरू शकली नसती.

मिस हेस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी एर्सिलियाला सही करायला शिकवले, गुडघ्यांसाठी तेल आणले, दर नाताळला लोकरीची शाल दिली. पण त्यांच्या घरापासून हे घर वीस मिनिटांच्या चढावर होते आणि अठरा वर्षांत त्या एकदाही आल्या नाहीत. म्हणून त्यांनी कोंबड्यांवर विश्वास ठेवला.

अशा गोष्टीच्या शेवटी भांड्याने धडा द्यायचा असतो, हे मला माहीत आहे. मला तो नीट देता येत नाही, मित्रांनो. मी म्हणणार होते की तुमच्या घरी रोज कुणी कामाला येत असेल तर एकदा तिचा जिना चढून जा, तिची खिडकी कुठे उघडते ते बघा. पण मिस हेस्टर कधी तो जिना चढल्या असत्या तर एर्सिलियाचे खोटे त्याच क्षणी पकडले गेले असते, त्या हसून इथेच राहिल्या असत्या आणि थ्रेलबाईंबरोबर लॉरीत बसल्या असत्या. तेव्हा त्या न चढलेल्या जिन्यानेच त्यांना वाचवले, असे कुणी म्हटले तर मला उत्तर सुचत नाही. तरीही तुम्ही चढा. असल्या खोट्याची गरज कुणावर दरवेळी येत नाही, आणि ज्याचे मन मोडून जीव वाचवला त्याला पुढे खरे सांगायला मिळेलच असे नाही. एर्सिलियाला मिळाले नाही.

त्या दुपारी तिने मला पलंगाखाली सरकवले. मग फडताळातून एक बरणी काढली. त्यावर तिरप्या अक्षरात तिचे नाव होते आणि चाळीस साल होते. यंदा साखर मिळत नव्हती म्हणून तिने तो पुरवून खाल्ला होता आणि तळाशी दोन बोटे मुरांबा उरला होता. तिने पावाचा तुकडा कापला, त्यावर तो लावला आणि खुर्चीवर बसून सावकाश खाल्ला.

"यंदा फार छान उतरलाय, बाई," ती म्हणाली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हते.